नात्याचा रकाना

आमच्याकडे हिवाळा आधी नाकाला कळतो. दिवाळी होते न होते तोच एका सकाळी दार उघडावं आणि हवेत मळीचा तो आंबूस-गोड, थोडा जळका वास भरून राहिलेला असावा, की समजायचं, कारखाने सुरू झाले. मग दोनच दिवसांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण येऊन बसतात. बॉयलरमध्ये जळालेल्या चिपाडाची राख ती. झटकली तर कापडावर पसरते, म्हणून फुंकायची असते. मी फुंकते. कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या या घरात आता माझ्याशिवाय कपडे वाळत घालणारं कुणी नाही, त्यामुळे फुंकायलाही फारसं काही नसतं.

सईचा फोन रविवारी सकाळी येतो. सई माझी नात, मुलाची मुलगी. तिच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. अमेरिकेत शिकायला गेली, शिकली, आणि शिक्षणानंतर काही काळ तिथे नोकरी करू देतात त्या मुदतीत सध्या नोकरी करते आहे. त्यापुढे राहायचं तर कंपनीने अर्ज करायचा आणि त्या अर्जांची म्हणे लॉटरी निघते. मला आधी वाटलं पोरगी थट्टा करतेय. डोळे फोडून अभ्यास केला, दोन वर्षं मान मोडून काम केलं, आणि आता ती राहणार की जाणार हे चिठ्ठी ठरवणार! यंदा तिची चिठ्ठी निघाली नाही. पुढच्या मार्चमध्ये शेवटची संधी, आणि त्याच सुमारास मुदतही संपते. नाही निघाली तर बॅग भरायची आज्जी, असं ती इतक्या सहज म्हणाली, की तो सहजपणा तिने आधी आरशासमोर घोटून घेतला असणार हे मला कळलं. मीही तितक्याच सहज म्हणाले, बरं.

फोन ठेवल्यावर मात्र मी स्वतःशी खरं बोलले. तिची चिठ्ठी निघू नये असं मला वाटत होतं. दहावीपर्यंत ती याच घरात वाढली. तिच्या आईवडिलांच्या बदल्या चालायच्या आणि पोर माझ्याजवळ असायची. ती परत आली तर पुण्या-मुंबईला का होईना, हाकेच्या अंतरावर असेल. सत्तरीला आलेल्या बाईच्या मनात असले विचार यावेत हे काही भूषण नाही, पण आले ते आले.

त्याच आठवड्यात रेशन दुकानदाराने मला रस्त्यात अडवलं. माझ्या कार्डात दोनच नावं उरली आहेत, माझं आणि सईचं. मुलगा पुण्याला गेल्यावर त्याचं वेगळं कार्ड झालं, सईचं नाव इथेच राहून गेलं. दुकानदार म्हणाला, "आज्जी, सईचा अंगठा लागंल मशीनवर. न्हाई लागला तर तिचं नाव कमी हुतंय बगा." मी म्हटलं, ती तिकडे आहे, अंगठा कुठून आणू? तो हसला आणि म्हणाला, मग काय, एकाच माणसाचं कार्ड.

नाव कमी होणं. हा शब्दप्रयोग पन्नास वर्षांनी मला पुन्हा असा टोचला. घरी आले, कपाटाच्या वरच्या खणातून आईची पत्र्याची पेटी काढली, आणि तिच्यातलं जुनं पिवळं पडलेलं कार्ड मांडीवर घेऊन बसले. बाहेर उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत महामार्गाकडे चालले होते. चौऱ्याहत्तर साली बैलगाड्या असत. त्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज कितीतरी वेळ ऐकू यायचा, आणि गाडीमागून चालताना एखादं कांडं ओढून घेतलं तरी गाडीवान काही बोलायचा नाही.

इद्रिस असं कांडं कधी ओढायचा नाही. तो गाडीवानाला रीतसर विचारायचा. साडेसहा फुटांचा काळाभोर माणूस वाकून "मामा, एक घिऊ का?" असं म्हणतोय म्हटल्यावर गाडीवान बिचारा मोळीच सोडायला निघायचा.

तो सुदानचा. खार्टूमच्या पुढे निळ्या नाईलच्या काठी त्याचं गाव होतं. कऱ्हाडला इंजिनिअरिंग शिकायला आला तेव्हा पहिली दोन वर्षं हॉस्टेलवर राहिला. मग दुष्काळ पडला, मेसचं जेवण आटत आटत नुसत्या आमटीवर आलं, आणि याचं पोट बिघडलं. बाजारातले अत्तारचाचा माझ्या वडिलांचे जुने दोस्त. वडील पलटणीत, वर्षातून एकदा रजेवर येणारे, आणि घरात आई आणि मी अशा दोघीच. अत्तारचाचा इद्रिसला घेऊन आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, वैनी, पोरगा गुणाचा हाय, माडीवरची खोली द्या. आईने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. एवढं पाहायला वेळ लागला. मग म्हणाली, "दारातनं वाकून या म्हणावं, चौकट लागंल." चौकट लागलीच. तो कपाळ चोळत आत आला आणि आई आधी हसली आणि मग हळद आणायला गेली.

मराठी त्याने आईकडून उचलली. पुस्तकातली नव्हे, चुलीपुढची. कॉलेजातले प्राध्यापक शुद्ध बोलायचे आणि हा त्यांना "व्हय सर, कळलं न्हाई" म्हणायचा, तेव्हा वर्ग हसायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. शुक्रवारी नमाजाला कऱ्हाडात जायचा, येताना संगमावर थांबायचा. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात. त्यांच्या राजधानीतही दोन नद्या मिळतात, एक निळी आणि एक पांढरी, असं त्याने आईला सांगितलं होतं. आईला ते पटलं नव्हतं. पांढरी नदी कशी असंल, दुधाची हाय व्हय, असं ती म्हणे, आणि तो प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगे. मला वाटतं दोघांनाही ते भांडण संपवायचं नव्हतं.

साखरेचं म्हणाल तर त्याला चहा काचेच्या ग्लासात लागे आणि त्यात साखर इतकी, की विरघळून उरलेली तळाशी बसे. त्यांच्याकडे तसाच पितात म्हणे. पण उसाच्या फडांनी वेढलेल्या आमच्या गावात साखर मात्र तेव्हा कार्डावर मिळे, तीही माणशी. आमच्या कार्डात दोन माणसं. वडिलांचं नाव पलटणीत गेल्यावरच कमी झालेलं होतं. आई स्वतः गुळाचा चहा प्यायला लागली आणि साखर माडीवर जायला लागली. इद्रिसच्या ते महिन्याभरात लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून तो बिनसाखरेचा चहा पिऊ लागला आणि आवडतो असं म्हणू लागला. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. आईने ते तोंड चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी मला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. अक्षर चांगलं होतं आणि ते दाखवायची हौसही होती. कारकुनासमोर ही रांग लागलेली. त्याने माझा अर्ज पाहिला, अक्षर पाहिलं आणि कार्ड माझ्याकडेच सरकवलं. म्हणाला, तुम्हीच लिहा, मी सही-शिक्का मारतो. नाव लिहिलं, इद्रिस. पुढे बापाचं नाव नको, आडनाव नको, असं आईनेच सांगितलं. वय लिहिलं, तेवीस. तिसरा रकाना नात्याचा होता. मी थांबले.

"मुलगा लिव," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. "लिव म्हणती न्हवं. पावन्याला साखर मिळती व्हय कार्डावर?"

मी लिहिलं. कारकुनाने शिक्का उचलता उचलता नाव वाचलं, आईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मागची रांग पाहून मिटलं. साखरेसाठी केलं हे खरं. पण घरी येताना रस्ताभर आई कार्ड पिशवीत न टाकता हातात धरून चालली, हेही खरं. मला पाठचा भाऊ झाला होता तो चार दिवसांचा होऊन गेला होता, हे मला मोठी झाल्यावर कुणीतरी सांगितलेलं. आईने कधीच सांगितलं नाही. त्या रकान्यात आम्ही काय लिहिलंय ते इद्रिसलाही कुणी सांगितलं नाही. त्याच्या ग्लासात पुन्हा साखर आली, एवढं त्याला पुरलं.

चौऱ्याहत्तरच्या जुलैमध्ये तो पास झाला. आता त्याला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे एक हंगाम. त्याच्या देशात नवे साखर कारखाने उभे राहणार होते आणि ज्याने एक पुरा हंगाम, चरकात उसाची पहिली मोळी टाकण्यापासून साखरेच्या शेवटच्या पोत्यापर्यंत, आपल्या डोळ्यांनी पाहिलाय अशा इंजिनिअरला तिथे दार उघडं होतं. नुसत्या डिग्रीला कुणी विचारणार नव्हतं. पलूसकडच्या एका कारखान्यातले मुख्य इंजिनिअर त्याला शिकाऊ म्हणून घ्यायला तयार होते. पण तो इथे विद्यार्थी म्हणून आलेला. शिक्षण संपलं की मायदेशी परत जाईन असं त्याने येतानाच लिहून दिलेलं. कामाला राहायचं तर निराळी परवानगी हवी. मलकापूर सातारा जिल्ह्यात आणि पलूस सांगलीत. त्यामुळे आधी सातारच्या पोलीस कचेरीतल्या परदेशी लोकांच्या रजिस्टरातून नाव हलायचं, मग सांगलीच्या रजिस्टरात चढायचं, आणि या दोन्हींच्या आधी मुंबईहून मंजुरी यायची. सई मला तिकडच्या फॉर्मांची नावं सांगते तेव्हा मी मान डोलावते. मला ते सगळं ऐकल्यासारखं वाटतं, फक्त आमच्या वेळी ते एसटीने व्हायचं.

श्रावण-भाद्रपद तो नुसता येरझाऱ्या घालत होता. कधी सातारा, कधी सांगली. साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत, फाईल वर गेलीय, फाईल खाली आलीय. त्याच्याबरोबरची पोरं नोकऱ्यांना लागून पांगली होती. हॉस्टेलवर ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. संध्याकाळी तो आमच्या पायरीवर बसून कारखान्याच्या यंत्रांची चित्रं काढायचा. चरक, बॉयलर, रसाच्या टाक्या. कधी न पाहिलेल्या गावाचा नकाशा काढावा तसा तो काढायचा आणि मला दाखवायचा. मला काही कळायचं नाही. आज वाटतं, थोडं विचारायला हवं होतं.

नवरात्राच्या आधी पत्त्याची चौकशी करायला एक पोलीस हवालदार घरी आले. भला माणूस होता, कोरेगावकडचा. आईने त्यांना चहा दिला. हे इथंच राहतात का, किती वर्षं राहतात, वागणूक कशी, असं त्यांनी विचारलं. आईला वाटलं, नुसत्या तोंडाच्या शब्दाला कोण विचारतो, सरकारचाच कागद असलेला बरा. आमच्याकडे कुठल्याही कामाला कार्ड दाखवायची रीत. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, जिथे जाल तिथे कार्ड पुढे करायचं की कामं होतात, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. ती मला म्हणाली, "आण गं ते कार्ड." आणि हवालदारांना अभिमानाने म्हणाली, "आवं, कार्डात नाव हाय त्येचं."

मी आत गेले, पेटी उघडली आणि कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं. मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. मी शिकलेली होते. आई नव्हती शिकलेली, तिच्या लेखी त्या कार्डाइतका पक्का कागद जगात नव्हता. पण मी तो रकाना स्वतःच्या हाताने भरला होता आणि तरीही उड्या मारत कार्ड घेऊन आले. हवालदार बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. चहा निवला. मग त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि आईला नमस्कार करून गेले.

दसऱ्यानंतर तिघांनाही साताऱ्याला बोलावणं आलं, येताना कार्ड आणा असं. कचेरीच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. साहेब वयाने फार नव्हते आणि आवाजही चढा नव्हता. त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक इद्रिसने सही केलेला, शिक्षण संपताच परत जाईन असं लिहून दिलेला. दुसरं आमचं कार्ड. ते इद्रिसकडे सरकवून त्यांनी विचारलं, हे काय आहे?

इद्रिसला मराठी वाचता येई, पण हळू, अक्षराखाली बोट ठेवून. त्याने आपलं नाव वाचलं. वय वाचलं. मग बोट तिसऱ्या रकान्यात गेलं आणि तिथे थांबलं. त्याचे ओठ हलताना मला दिसले. मु, ल, गा. त्याने ते पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. पंखा फिरत होता. आई पदर तोंडाशी धरून बसली होती. तिला काय चाललंय ते अजून नीट उमगलं नव्हतं.

"अक्षर कुणाचं?" साहेबांनी विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं.

"मी लिवाय सांगितलं, साहेब," इद्रिस म्हणाला. "हिनं नुसतं लिव्हलं. मला साखर लय लागती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सांगितलं ते आजही मला जसंच्या तसं आठवतं. खोटी नोंद केली म्हणून तिघांवरही गुन्हा दाखल होऊ शकतो. तो मी करणार नाही. पण या घरात मुलगा म्हणून राहणारा माणूस आणि शिकून परत जाईन म्हणणारा माणूस हे एकाच फाईलमध्ये बसणार नाहीत, आणि मुंबईत कुणीही त्यावर सही करणार नाही. शेवटी ते म्हणाले, "यातला एक कागद खोटा आहे. कुठला, ते मी विचारत नाही."

परतीच्या एसटीत मी त्याच्या शेजारी बसले होते. उंब्रज येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग विचारलं, आईने हे कधी लिहायला सांगितलं. मी म्हटलं, दुष्काळाच्या साली. मला माहीत नव्हतं, असं तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मी हंगाम बगनार हुतो."

त्यानंतर तीन दिवस तो आमच्याकडे जेवला नाही. सकाळी निघून जायचा, बाहेर कुठेतरी खायचा, आल्यावर सरळ माडीवर. आई रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालायची. तोवर तिला मी सगळं समजावून सांगितलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी तो खाली आला आणि चुलीपाशी पाटावर बसला. आईने त्याच्याकडे न बघता विचारलं, "चुकलं व्हय रं माजं?"

"व्हय," तो म्हणाला. आणि ग्लास पुढे केला.

मी तेव्हा मनातल्या मनात त्याच्यावर चिडले होते. नाही म्हणता आलं नसतं का? आज मला वाटतं, परक्या बाईला तो नाही म्हणाला असता.

दिवाळीच्या तोंडावर हुकूम आला. अर्ज नामंजूर. पंधरा दिवसांत देश सोडावा, आणि निघण्याआधी कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणून द्यावा. म्हणून आम्ही तिघं पुन्हा त्याच तालुक्याच्या कचेरीत गेलो, त्याच कारकुनासमोर. आता रांग नव्हती. त्याने लाल शाईचा टाक घेतला आणि कारण विचारलं. मयत, लग्न, की आणखी काही? कारण लिहिल्याशिवाय नाव कमी करता येत नाही.

आई पुढे झाली. "ह्यांचं नाव कमी केलं तवा काय लिव्हलं हुतं?" तिने विचारलं. हे म्हणजे माझे वडील. कारकुनाने मागचं पान उलटून वाचलं, नोकरीनिमित्त बाहेरगावी.

"त्येच लिवा."

कारकून इद्रिसकडे बघायला लागला. नोकरी करायची परवानगी मिळाली नाही म्हणून चाललेला माणूस समोर उभा होता, आणि ते कारकुनाला ठाऊक होतं, तालुक्यात एव्हाना कुणाला ठाऊक नव्हतं? पण त्याने मान खाली घातली आणि लिहिलं. मग पट्टी ठेवून इद्रिसच्या नावावर लाल रेघ मारली. बाहेर आल्यावर आईने कार्ड माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, यातलं नाव कुठलं आणि मुलगा कुठलं. मी बोटाने दाखवलं. ती ते दोन शब्द बराच वेळ निरखत राहिली.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. आधीच्या दोन वर्षांतही ओवाळलं होतं, पण तेव्हा गंमत असायची. एवढ्या उंच माणसाच्या कपाळापर्यंत हात पुरायचा नाही, म्हणून त्याला बसवून त्याची थट्टा व्हायची. त्या दिवशी तो आपणहून पाटावर बसला. ओवाळणी म्हणून त्याने मला आपल्या यंत्रांच्या चित्रांची वही दिली. मी म्हटलं, तुला लागेल. तो म्हणाला, "चित्रं बगून कोन काम देतंय?"

ज्या आठवड्यात कारखान्यांनी मोळी टाकली त्याच आठवड्यात तो गेला. कऱ्हाड स्टेशनकडे जाणारा रस्ता उसाच्या गाड्यांनी भरला होता. आमचा टांगा त्यांच्यामागे अडकला. हवेत तो वास त्या वर्षी पहिल्यांदाच आला होता. इद्रिसने गाड्यांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि एक मोठा श्वास घेतला. हंगाम त्याला मिळाला तो एवढाच.

गाडी सुटायला थोडा वेळ असताना तो खिडकीपाशी बसला होता आणि आई खाली फलाटावर. आईने कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. कशाला आणलंय ते मला कळेना. तिने ते खिडकीच्या गजांपाशी धरलं आणि वाचता न येणाऱ्या त्या बाईने अचूक बोट ठेवलं.

"हितं बग. रेघ तुज्या नावावर मारलीया," ती म्हणाली. "म्होरं न्हाई मारली."

खरंच होतं. कारकुनाची पट्टी नावापाशीच संपली होती. तिसऱ्या रकान्यातला मुलगा हा शब्द तसाच होता, माझ्या चांगल्या अक्षरातला. इद्रिसने गजांतून हात बाहेर काढून त्या शब्दावर बोट ठेवलं आणि गाडी हलेपर्यंत काढलं नाही. गाडी हलली तशी आई दोन पावलं चालली. मग तिला कार्ड ओढून घ्यावं लागलं.

त्याची दोन पत्रं आली. मराठीत, मोडक्यातोडक्या अक्षरात. पहिल्यात लिहिलं होतं, कारखान्यात विचारलं, किती हंगाम पाहिलेत. खोटं सांगता आलं असतं, नाही सांगितलं. कालव्याच्या खात्यात नोकरी मिळाली आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं, आईला सांग, पांढरी नदी पांढरी नाही, मातकट आहे, तिचंच खरं होतं. त्यानंतर काही आलं नाही. आई बरीच वर्षं पोस्टमनला विचारायची, भायेरनं काय आलं का. वडील निवृत्त होऊन घरी आले, त्यांचं नाव कार्डात पुन्हा चढलं. नोकरीनिमित्त बाहेरगावी गेलेला माणूस परत येतो यावर आईचा विश्वास त्यामुळे आणखीच पक्का झाला. मी पुढे शिक्षिका झाले, दहा वर्षं कोरेगावला काढली. शाळेतून पुण्याकडे जाणारी गाडी दिसायची, आणि कारखान्यांच्या दिवसांत मी तिच्याकडे पाठ करून फळ्यावर लिहीत असे. तो आज आहे की नाही, मला माहीत नाही. त्याच्या देशातल्या लढायांच्या बातम्या लागतात तेव्हा मी टीव्ही बंद करते.

सईचं नाव मशीनमधून जाईल तेव्हा रेघसुद्धा राहणार नाही. आदल्या दिवशी असेल आणि दुसऱ्या दिवशी नसेल. कारण विचारायलाही कुणी नसेल. कार्डात माझं एकटीचं नाव उरेल, आणि ते माझ्या मनाला लागणार आहे, नाही असं मी म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी ते पिवळं पान मांडीवर घेऊन बसले असताना मला इद्रिसचा स्टेशनच्या रस्त्यावरचा तो श्वास आठवला. एका माणसाला आम्ही इतकं आपलं म्हटलं की त्याचा हंगाम गेला. तेव्हा निदान ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असून मी तेच मागत होते.

रविवारी सकाळी सईचा फोन आला तेव्हा अंगणात कपडे वाळत होते आणि मी राख फुंकत होते. मी तिला दुकानदाराचं सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे गं आज्जी, नाव राहून तरी काय करायचंय. मग म्हणाली, "तुला वाईट वाटेल का पण?"

"वाटेल," मी म्हटलं. "पण तुझी चिठ्ठी निघू दे. तुझं तिथलं काम पुरं बघून घे. आणि नावाचं म्हणशील तर रेघ नावापुरतीच असते."

"म्हणजे काय?"

"ये तेव्हा दाखवते," मी म्हटलं.